तीन इंच

"बाबा, मला तीन इंची हवाय."

२०२५ च्या जून महिन्यात एका रात्री वरणभाताच्या दुसऱ्या घासाला चिरंजीवांनी हे जाहीर केलं. थोरलीच्या डॉर्मची खरेदी तेव्हा जोरात चालू होती, त्यामुळे सौ.ला वाटलं, गादीवर घालायच्या फोमबद्दल चाललंय. ती म्हणाली, "दोन इंची पुरतो रे, उगाच पैसे कशाला?" चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. प्रश्न फोमचा नव्हता, गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपचा होता.

आधी गाडीची ओळख करून देतो. सुबारू डब्ल्यूआरएक्स, मॉडेल २०११, रंग निळा, मालकाचं वय १७. किराणा दुकानात दोन उन्हाळे पिशव्या भरून मिळवलेले डॉलर त्याचे, उरलेले आमचे, अशी ही सेकंडहँड खरेदी. इंजिन अडीच लिटरचं, त्यावर टर्बो, ताकद २६५ हॉर्सपॉवर. मी २००२ साली वेन स्टेटला मास्टर्स करायला आलो तेव्हा माझ्या पहिल्या गाडीचं मागचं दार आतून दोरीने बांधलेलं असायचं. तेव्हापासून डेट्रॉइटच्या आसपासच आहे. गाड्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं सांभाळणं हा माझा धंदा. पोट गाड्यांवर चालतं, पण बॉनेटखाली काय आहे ते बघायची वेळ माझ्यावर कधी आली नाही आणि मी येऊही दिली नाही.

तेव्हा आम्ही कन्सल्टंट लोक जे करतो तेच मी केलं. रात्री बसून थोडंसं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ म्हणून मत दिलं. "हे बघ, इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच. पाइप फार मोठा केलास तर खालच्या स्पीडला गाडी मरगळेल. कंपनीच्या इंजिनिअरांनी काही विचार करूनच व्यास ठरवला असेल ना?"

चिरंजीव काही बोलणार एवढ्यात कोचावरून आवाज आला, "चूक."

कोचावर अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७८. २०२१ मध्ये आई गेली, त्यानंतर ते दर उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. दोन्ही कानांना यंत्रं आहेत, पण चौघांचं अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलणं एकदम चालू झालं की त्यांना काही लागत नाही. मग ते हळूच कोचावर जाऊन शब्दकोडं सोडवत बसतात. कित्येकदा ते घरात आहेत हे आमच्या लक्षातच येत नाही. लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

"काय चूक, अण्णा?"

"टर्बोच्या मागे बॅकप्रेशर लागत नाही. कणभरसुद्धा नाही."

अण्णांनी पुण्यातल्या एका डिझेल इंजिन कंपनीत ३४ वर्षं काढली. आधी टेस्ट बेडवर आणि नंतर सर्व्हिसला. मोठाले जनरेटर जिथे बसतील तिथे जाऊन ते नीट बसलेत ना हे बघायचं, असं त्यांचं काम. १९९० च्या सुमाराची गोष्ट आठवते. मे महिन्याच्या सुट्टीत ते मला एका थिएटरच्या जनरेटरवर घेऊन गेले होते. कंत्राटदाराने पैसे वाचवायला बारीक पाइप वापरला होता आणि पाच एल्बो देऊन तो गच्चीपर्यंत नेला होता. इंजिन काळा धूर ओकत होतं, तापत होतं. अण्णांनी यू आकाराची एक नळी काढली. तिच्यात पारा होता. ती नळी इंजिनाजवळ पाइपला जोडली आणि पारा एका बाजूला वर चढला. "आपल्याला तीन इंचांपर्यंत चालतं. हा बघ कुठे गेलाय." मी बघितलं नाही. मी पायरीवर बसून 'किशोर' वाचत होतो. पुढे बारावीनंतर अण्णांनी मेकॅनिकलचा फॉर्म आणून ठेवला, तेव्हा मी कॉम्प्युटरचा भरला. त्यावरून घरात भांडण वगैरे झालं नाही. त्यांनी त्यांचा फॉर्म घडी करून कपाटात ठेवून दिला, एवढंच.

तर त्या रात्री अण्णांनी नातवाला समोर बसवलं. नातू आजोबांना "तू" म्हणतो. इथली सगळीच मुलं म्हणतात, आणि पुण्यातले नातेवाईक त्यावर भुवया उंचावतात. अण्णांना चालतं.

"तुझ्या टर्बोत काय आहे? एक चक्की. धुराच्या जोराने फिरते आणि इंजिनात हवा कोंबते. बरोबर? आता ओढ्यावरच्या पाणचक्कीचा विचार कर. वरून पाणी येतंय, पण खाली पाणी तुंबलंय. चक्की फिरेल का?"

"नो. म्हणजे, हळू."

"मग? वरचं पाणी आणि खालचं पाणी यांच्यात जेवढा फरक, तेवढा जोर. टर्बोच्या पुढे दाब हवा, मागे नको. मागचा पाइप जेवढा मोकळा, तेवढी चक्की लवकर पळायला लागते."

मी हट्टाने विचारलं, मग मी वाचलं ते काय खोटं? अण्णा म्हणाले, अर्धवट आहे. बिनटर्बोच्या इंजिनात धुराचे ठोके एकामागून एक येतात, आणि पाइप योग्य मापाचा असेल तर पुढे गेलेला ठोका आपल्यामागे पुढचा धूर ओढून घेतो. चुलीचं धुराडं फार रुंद केलं की जशी ओढ जाते तसंच तिथे होतं. फायदा त्या ओढीचा असतो, दाबाचा नाही. लोकांनी त्याला बॅकप्रेशर असं नाव देऊन टाकलं. टर्बोच्या पात्यांतून गेल्यावर त्या ठोक्यांचा जोर पुष्कळसा मोडतो, मग ओढ जपायचा प्रश्न तिथे फारसा उरत नाही.

चिरंजीव खुर्चीतून उठलेच. "सो आय वॉज राइट!"

"बस खाली," अण्णा म्हणाले. "किती मोठा, ते अजून कुठे काढलंय?"

मग बिलाच्या पाकिटाच्या पाठीवर गणित झालं. मंडळी, या स्मरणिकेत मी मागे क्लाउडवर लेख लिहिला होता तेव्हा कुणी वाचला नाही हे मला ठाऊक आहे, तरी हे गणित वाचा, सोपं आहे. २६५ हॉर्सपॉवर काढताना इंजिन मिनिटाला साधारण १२ किलो हवा ओढतं. त्यात पेट्रोलची भर. बाहेर पडताना हा वायू ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला, म्हणजे फुगलेला. हिशेब केला तर सेकंदाला अर्ध्या घनमीटरहून थोडा जास्तच वायू निघतो. पुण्याला आपल्या गच्चीवर पाण्याची ५०० लिटरची काळी टाकी असते ना, तशी एक टाकीभर, दर सेकंदाला, मनगटाएवढ्या नळीतून. अडीच इंची पाइपमधून हा वायू ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास पळतो. तीन इंचीतून ४७० च्या आसपास.

अर्धा इंच वाढवला तर जागा ४४ टक्क्यांनी वाढते, आणि सरळ पाइपमधला घर्षणाचा तोटा अडीचपटीने कमी होतो, कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. हे सांगताना अण्णांचा चेहरा असा झाला होता की मला टेस्ट बेडवरचे ते जुने अण्णा कसे असतील याची थोडी कल्पना आली. मी त्यांना तिथे कधी पाहिलंच नव्हतं. त्या काळी कानात कापसाचे बोळे घालून आठ-आठ तास उभं राहायचे. कान तिथेच गेले.

"पण हे पूर्ण ताकदीचं," अण्णा म्हणाले. "तू शाळेत जातोस तेव्हा किती ताकद लागते? हायवेवर ताशी १०० ला पंचवीसेक हॉर्सपॉवर. वायू आठपट, दहापट कमी. तोटा त्याच्या वर्गात कमी. तिथे तुला अडीच काय नि तीन काय, फरक कळणार नाही. तू पूर्ण ताकद दिवसातून किती सेकंद वापरतोस?"

चिरंजीव आईकडे बघत म्हणाले, "झीरो."

सौ.चा यावर विश्वास बसला नाही हे तिने न बोलता दाखवलं.

आता मला वाटलं, झालं, विषय संपला. पण अण्णा म्हणाले, "कागदावरचं सोडा. मोजल्याशिवाय पाइप ठरवायचा नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आजोबा आणि नातू हार्डवेअरच्या दुकानात. दाबाचं गेज, मीटरभर तांब्याची नळी, रबरी नळी, क्लिपा. पारा आणायचा नाही हे मी आधीच बजावलं होतं. तांब्याची नळी वेटोळी करून घ्यायची, म्हणजे वायू गेजपर्यंत पोचताना गार होतो आणि रबर जळत नाही. सुट्टीत सकाळी अकराच्या आत उठवून दाखवा असं आव्हान देणारा माझा मुलगा सात वाजता आंघोळ करून तयार होता. कॅलेंडरवर खूण करून ठेवावी असा दिवस.

जुलैत एका वर्कशॉपमध्ये तासाच्या भाड्याने डायनो घेतला. म्हणजे गाडी रुळांवर उभी करायची आणि जागच्या जागी पूर्ण वेगात पळवायची. पाइपला तीन ठिकाणी नट वेल्ड करून घेतले: टर्बोच्या लगेच मागे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागे आणि शेवटच्या सायलेन्सरच्या डब्याआधी. गाडी सुरू व्हायच्या आधी अण्णांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढली, रुमालात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग नातवाच्या कानांवर स्वतःच्या हाताने मोठे इअरमफ चढवले, नीट बसलेत का ते दाबून पाहिलं. मला दिले नाहीत. माझे मी घेतले.

पहिल्या जागी पाच पीएसआय, दुसऱ्या जागी तीन, तिसऱ्या जागी दीड. अण्णांनी निळ्या वहीत रकाने आखले होते, नातवाने आकडे भरले. अण्णांनी पेन्सिलने वजाबाक्या केल्या. कन्व्हर्टर आणि त्याच्या आजूबाजूचा भाग मिळून दोन खातो. मधला लांब पाइप दीड. मागचे डबे दीड. म्हणजे जो पाइप बदलायला हा मुलगा निघाला होता त्याच्याकडे एकूण तोट्यातला तिसरा हिस्सासुद्धा नव्हता. तीन इंची केला की त्यातला पाऊणएक पीएसआय वाचेल.

"मग कन्व्हर्टर काढून टाकतात लोक," चिरंजीव म्हणाले. "मिशिगनमध्ये दरवर्षी चेक करत नाहीत."

इथे मला अखेर बोलायला जागा मिळाली. कन्व्हर्टर काढणं फेडरल कायद्याने बेकायदा आहे, राज्यात तपासणी होवो न होवो. अण्णांनी कायद्याचं काही विचारलं नाही. ते म्हणाले, "मागच्या गाडीत कुणाचं तान्हं पोर असेल," आणि वही मिटली. कन्व्हर्टरचा विषय पुन्हा निघाला नाही.

राहिले डबे. हे मला नवीन होतं. काही सायलेन्सरांच्या आत पडदे आणि कप्पे असतात, वायू त्यातून वळणं घेत जातो, आवाज मरतो पण दाबही साचतो. दुसऱ्या प्रकारात भोकं पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतूंचं भरण. वायू सरळ जातो, आवाज त्या भरणात जिरतो. डबा मोठा घेतला तर दोन्ही साधतं. आवाज आणि ताकद यांची गाठ माझ्या मुलाच्या डोक्यात पक्की बांधलेली होती. जितका मोठा भोंगा तितकी गाडी जोरात, असं त्याच्या सगळ्या मित्रांचं मत. ती गाठ सोडवायला वहीतले तीन आकडे लागले, माझी भाषणं नव्हेत.

शेवटी अण्णांनी कौल दिला आणि तो माझ्या विरुद्ध गेला. पाइप तीन इंचीच घ्या! गणिताने पावणेतीन पुरतो, पण बाजारात अडीच आणि तीन सहज मिळतात, आणि टर्बोच्या मागे थोडा मोठा असण्याने इंजिनाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसरंच. वजन वाढतं, गाडीखाली जागा कमी पडते, स्पीडब्रेकरला घासतो, आणि डबा लहान असेल तर हायवेवर आत बसणाऱ्याच्या डोक्यात घुम्म होत राहतं. तेव्हा तीन इंची पाइप, पण डबा दुकानातला सगळ्यात लांब. नातवाला त्याचा आकडा मिळाला, आवाज मिळाला नाही.

पाइपच्या दुकानातला प्रसंग सांगायलाच हवा. तिथे दोन तीन इंची पाइप टांगलेले, एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्मी. मी अर्थातच स्वस्ताकडे वळलो. अण्णांनी खिशातून दोरा काढला. हो, शिवणाचा दोरा. सरळ भागाला गुंडाळून परीघ मोजला, मग वळणावर बोट ठेवलं. स्वस्त पाइप दाबून वाकवलेला होता, वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडून तो चपटा झाला होता. महागड्या पाइपमध्ये आतून दांडा घालून वाकवल्यामुळे गोलाई कायम होती. "पाइप सगळ्यात बारीक जिथे असेल तिथलाच त्याचा व्यास," अण्णा मराठीत म्हणाले. काउंटरवरच्या गोऱ्या माणसाला शब्द कळला नाही, बोट कुठे आहे ते कळलं. तो हसला आणि म्हणाला, "ही नोज." तीन इंच म्हणतात तेही बाहेरून, आतून तीनला साधारण एक सूत कमी असतं, हे अण्णांनी जाता जाता सांगितलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ होती. डेट्रॉइटकर वाचकांना ती सांगायला नको. १९९५ पासून चालत आलेली वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची ही जत्राच. दरवर्षी मी रहदारी चुकवायला त्या दिवशी घरी बसतो. यंदा फोल्डिंगच्या खुर्च्या, डब्यात दडपे पोहे, असे तिघं रस्त्याच्या कडेला. पोरं इंजिनं गुरगुरवत जात होती, आमचे चिरंजीव प्रत्येकाच्या मागच्या पाइपकडे वाकून बघत होते. एक छोटीशी शेव्हरोले कॉर्व्हेअर गेली, तेव्हा मी माझं वाचीव ज्ञान बाहेर काढलं. टर्बो बसवून पहिल्यांदा विकल्या गेलेल्या मोटारी १९६२ च्या, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि कॉर्व्हेअरचं मॉन्झा स्पायडर मॉडेल, दोन्ही इथल्याच जनरल मोटर्सच्या. अण्णा म्हणाले, "आणि कल्पना स्वित्झर्लंडच्या ब्युकीची, १९०५ ची." पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आईला इतका आवाज सहन झाला नसता." आईचं नाव त्यांनी किती महिन्यांनी काढलं असेल. मी त्यांच्या डब्यात अजून थोडे पोहे घातले.

पाइप बसला. डायनोवर पुन्हा मोजणी झाली. टर्बोमागे पाचाचे साडेतीनच्या खाली आले. ताकद किती वाढली? पाच हॉर्सपॉवर. अण्णा म्हणाले, ही यंत्राच्या चुकीच्या मर्यादेत बसते, वाढली असं लिहू नकोस. चिरंजीवांनी लिहिलेलं खोडलं. टर्बो मात्र थोडा लवकर जागा होतो, एवढं तिघांनाही जाणवलं. मला जाणवलं असं मी म्हणालो, खरं तर मला कळलं नाही.

एक गोष्ट राहिली होती आणि अण्णा तिच्यावर अडून बसले. मागचा मार्ग मोकळा केला की टर्बो कधीकधी आवरत नाही. जादा वायू बाजूने सोडून देणारी एक झडप असते, वेस्टगेट. ती अपुरी पडली तर ठरवलेल्यापेक्षा जास्त हवा इंजिनात कोंबली जाते. तेवढ्या हवेला पेट्रोल कमी पडलं किंवा मिश्रण वेळेआधी पेटलं की पिस्टन फुटू शकतो. म्हणून ट्यूनिंगवाल्याकडून गाडीच्या कॉम्प्युटरचा नकाशा नव्या पाइपप्रमाणे तपासून घेतला. इथे माझा थोडा भाव वाढला, कारण पडद्यावरचे ते तक्ते मला वाचता आले. "पण हा उन्हाळा आहे," अण्णा म्हणाले. "थंडीत हवा दाट असते. तेव्हा परत मोज. माझी वही ठेवून जातो."

ऑक्टोबरमध्ये अण्णा पुण्याला गेले. नोव्हेंबरात पहिली थंडी पडली, त्या शनिवारी सकाळी दोघं बापलेक गाडी घेऊन वर्कशॉपला. आमच्या सकाळी, म्हणजे त्यांच्या रात्री, व्हिडिओ कॉल लावला. ऐकू येणार नाही म्हणून चिरंजीवांनी वहीच कॅमेऱ्यासमोर धरली. टर्बोचा दाब उन्हाळ्यापेक्षा अर्धा पीएसआय जास्त, मर्यादेत.

अण्णांनी चष्मा वर-खाली केला. "वही सरळ धर. हां. काटा समोरून बघितलास ना, तिरका नाही?"

"समोरून, आजोबा."

"आणि तापमान? किती अंशाला मोजलंस?"

चिरंजीव माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"तापमान नाही लिहिलंस तर या आकड्याचं मी काय करू?" अण्णा म्हणाले. "पुढच्या शनिवारी परत मोज."

काल सहज गॅरेजमध्ये गेलो तर ती निळी वही बाकावर उघडी होती. चार शनिवारांच्या नोंदी. उजवीकडे पट्टीने आखलेला एक नवा रकाना आणि त्याच्या डोक्यावर पेन्सिलने, देवनागरीत, 'तापमन'. एक काना द्यायचा राहिलाय.